गाठ

तांबड्या समुद्रशेवाळाची बरणी
वेंगुर्ल्याहून नाशिकला एसटीनं आली,
भाकरीच्या डब्याशेजारी.
झाकणावर निमकरसरांचं अक्षर:
'गाठ. कारण माहीत नाही.'

नळाखाली धुतली.
गोदेचं गोडं पाणी, तिला पहिल्यांदाच.

गंगापूर रोडवरच्या या प्रयोगशाळेत
पहिल्या वर्षाची मुलं कांद्याची साल बघतात,
पेशी चिऱ्यांसारख्या, ओळीत.

मी गाजराच्या फटीत गाठ धरते,
ब्लेडनं कापते.
अकरावा काप जमतो.

भिंगाखाली आधी कडेच्या पेशी,
लहान, लालसर, शहाण्या.
आत ओळच मोडते:
फुगलेल्या, फिकट, एकमेकींवर रेललेल्या,
मधल्या फटींत जिवाणू, सांडलेल्या रव्यासारखे.

तरी प्रत्येकीच्या भिंतीत
शेजारणीकडचं ते छिद्र, बूच लावलेलं,
कुठे दोन, कुठे पाच.
निरोगी कापात इतकी मोजली नव्हती.

"मॅडम, रोग आहे का हा?"
स्लाइड पुसता पुसता मथुराबाई.
हो म्हणणार, तर पेन्सिल थांबते.

चित्रात एक भिंत मी सरळ काढलीय,
सवयीनं.
खोडते.
कागदावर तिचा चर राहतो.