चार पाय

पहिले पाय मी छत्रीच्या काड्यांचे केले होते.
इंजिन धरलं, सुरू झालं,
आणि ते असे थरथरले
की एका पंख्याचे दोन दिसायला लागले,
दोनांचा ढग,
मग टिंग करून एक काडी गेली
आणि मुठीएवढं इंजिन पाठीवर कलंडलं, धुमसत.

इनास मेस्त होडीच्या फटीत कापूस ठोकत होता.
मान वर न करता म्हणाला,
"इंजिन माळ्यार चढवलंस, पण शिडी खंय?"

माळ्यावर चढवावंच लागतं.
पाण्यातून उठणारं विमान. पंखा खाली ठेवला
तर पहिल्याच धावेत खारं पाणी पितो.
वर ठेवला तर नाक दाबतो.
हे मला दोन नाकं मोडल्यावर कळलं.
आता पुढच्या कडेखाली
तांदळाच्या दाण्याएवढी पाचर.

नवे पाय सायकलच्या आऱ्यांचे.
दोन उभे, दोन तिरके.
("तिरको नसात तर उभो काय कामाचो?")
सांध्यांवर तांब्याची तार, वळशाला वळसा चिकटवून,
मग डाग दिला,
कथील तारेतून पाझरत गेलं
आणि एका क्षणी चमकून थांबलं.
खालची टोकं पंखाच्या आत, प्लायच्या फळीत,
जाळ्याच्या दोऱ्याने आवळलेली.
बोटांना दोन दिवस ॲसिडचा वास.

मेस्ताने इंजिनाला धरूनच अख्खं विमान उचललं,
नारळ कानाशी हलवावा तसं हलवलं.
काही वाजलं नाही.
"बरा," म्हणाला.

अष्टमीला, भांगेच्या संथ पाण्यावर,
तोंडवळीच्या खाडीत सोडलं.
तीन उड्या, पाठीमागे पांढरी रेघ,
मग रेघ संपली.
सुरूच्या बनावरून ते गेलं
तेव्हा मी काय ओरडलो ते मला आठवत नाही.
कांदळांपाशी ते वळलं,
माझा अंगठा उशिरा वळला.

सुकतीला गाळात शोधलं.
बाल्साचे तुकडे, रॅपरसारखा चुरगळलेला लाल कागद.
शेपटी मिळालीच नाही.
आणि मग, फळीच्या टीचभर तुकड्यावर,
चार पाय, ताठ,
वर इंजिन, किंचित आभाळाकडे तोंड करून.
खालच्या सावलीत एक कुर्ली येऊन बसलेली.

मेस्त गुडघाभर चिखलात वाकला,
एक आरा नखाने वाजवून पाहिला.
"आता," म्हणाला,
"हेच्या खाली इमान बांध."