दाराखालची फट

तार्तूच्या आमच्या भागात गल्ल्यांना भाज्यांची नावं आहेत.
वाटाण्याची गल्ली, मग घेवड्याची, मग बटाट्याची,
मग नदी.
वाटाण्याच्या गल्लीतल्या लाकडी घराच्या पायरीवर
आईची मांजर घेऊन मी उभी राहिले.
पिंजऱ्यात पाऊण तास, एकदाही ओरडली नाही.
आईही ओरडली नव्हती
सकाळी तिला त्या दुसऱ्या घरात पोचवलं तेव्हा.
फक्त म्हणाली, तिथं मांजर चालत नाही म्हणतात,
आणि कोटाचं बटण लावत बसली,
लागलेलंच.

वय सतरा. एक डोळा दुधाळ.
नाव प्रोउआ, म्हणजे आमच्या भाषेत बाईसाहेब.

घरात आधीच दोन उनाड पोरं, सात महिन्यांची,
हेर्नेस आणि उबा, वाटाणा आणि घेवडा,
ज्या कोपऱ्यावर सापडले त्या कोपऱ्याचीच नावं.
पडद्यावर चढायचं, पडद्यासकट उतरायचं,
एवढंच त्यांना येतं.

डॉक्टर पिरेट म्हणाल्या, घाई नको.
आधी वास, मग आवाज, तोंड सगळ्यात शेवटी.
म्हणून मधल्या खोलीचं दार लावलं,
इकडं दोन ताटल्या, तिकडं एक,
रोज बोटभर जवळ सरकवत.
उबानं फटीतून पंजा घातला, कोपरापर्यंत.
हेर्नेसनं नाक लावलं आणि शिंकला.
आतून काहीच नाही.
फिस्कारणं नाही, गुरगुरणं नाही,
रात्रभर नुसतं पाणी पिणं, लप लप लप,
थकलेल्या मूत्रपिंडांची न संपणारी तहान.
तावो म्हणाला, बरंय की, शांत आहे.
मला ती शांतता बरी वाटेना.
पाहुणी अशी वागते.
निघायची वाट बघणारी.

आठव्या दिवशी टॉवेलांची अदलाबदल केली,
पोरांचा आत, तिचा बाहेर.
रविवारी एक टॉवेल आईकडे नेला.

आईच्या खोलीत दुसरी खाट आली होती.
खाटेवर एर्ना, ब्याण्णव वर्षांची,
कापराच्या मलमाचा वास, रेडिओ मोठा.
आई भिंतीकडे तोंड करून.
ही रात्री रशियनमध्ये बरळते, ती म्हणाली,
एर्नाला ऐकू जाईल इतक्या हळू.
मी टॉवेल दिला. तिनं नाकाला लावला,
बराच वेळ.
मग कपाळाला आठ्या.
हा तिचा नाही.
पोरांचा आहे हा. दोन आहेत ना? बोके?

मी चुकून दुसराच उचलून आणला होता.
सॉरी म्हणणार, तेवढ्यात पलीकडून हात आला,
निळ्या शिरांचा, थोडा थरथरणारा,
बघू, एर्ना म्हणाली, मला बघू,
आणि रेडिओ बंद केला.
आईनं टॉवेल लगेच दिला नाही.
पण दिला.

दार उघडलं ते नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आदल्या दिवशी.
प्रोउआ उंबऱ्यावर आली, थांबली,
जणू जिना उतरायचाय अशी पुढचा पाय चाचपत.
पोरं सोफ्याखाली, चार डोळे.
ती त्यांच्यासमोरून गेली, इतकी सावकाश
की उबाला झडप घालायचा क्षणच सापडेना,
पुठ्ठा ताणून तयार असलेला तो
तयारीतच झोपला.

पुढं दोन आठवडे तसंच.
तिला ताटलीवरून ढकललं, सरकली.
शेपटीला चावलं, शेपटी आवरून घेतली.
मी रोज विटांच्या शेगडीपाशी तिची गादी झटकायची
आणि रोज ती कोटांच्या खुंटीखाली झोपायची,
दाराजवळ.

काल संध्याकाळी हेर्नेस त्या गादीवर पसरला होता,
पोट वर, पाय चारी दिशांना.
प्रोउआ खुंटीखालून उठली.
खोली ओलांडायला तिला किती वेळ लागला कोण जाणे,
दूध उतू गेलं मध्येच.
गादीपाशी पोचली, दुधाळ डोळा त्याच्यावर,
आणि सतरा वर्षांचं सगळं वजन घालून
त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली.

फिस्कारली, तीसुद्धा पहिल्यांदाच. दात दोनच उरलेत.
हेर्नेस कपाटावर.

मी हात न पुसताच आईला फोन लावला.
मारलं तिनं, म्हटलं. पोराला मारलं.
मागं रेडिओ चालू होता, पण बारीक.
मारलं? आई म्हणाली.
मग फोनपासून तोंड बाजूला करून, कुणाला तरी,
मारलं म्हणे.
मग मला,
बरं झालं. म्हणजे राहिली.