सगळे ट्रॅक शून्यापासून

नव्या प्रोग्रॅमच्या फुकट चाचणीचे अकरा दिवस उरलेत.
वरच्या कोपऱ्यात आकडा दिसतो,
सभ्य घरमालकासारखा.

निबाल्दो म्हणतो, आता तरी सोड, इस्मेनिया.
सांतियागोत सगळे यातच काम करतात,
तुझी एक फाइल उघडायची
तर आम्ही तुझी टेकडी चढायची का?
त्याचं खरं आहे. वाल्पाराईसोतली ही टेकडी
एकशे बेचाळीस पायऱ्यांची,
आणि केबलगाडी मार्चपासून बंद.

माझा जुना प्रोग्रॅम आता कुणी बनवत नाही.
कंपनी विकली गेली,
मग तिला विकत घेणारी विकली गेली.
तो उघडतो अजून, धापा टाकत,
आणि रोज सकाळी सांगतो,
मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतंस.
ठाऊक आहे रे बाबा.

नव्यात सगळं लोण्यासारखं सरकतं.
सूर घसरला की उचलून जागेवर बसवतं,
मी न सांगता.
तेवढंच खटकतं.

आणि हातांचं काय करू?
कापायचं कुठे ते डाव्या अंगठ्याला माहीत,
अनडू करंगळीकडे.
चौदा वर्षांत मी त्यांच्या कामात तोंड घातलं नाही.
काल सवयीने कापायला गेले
तर अख्खं गाणं दुप्पट वेगाने सुटलं,
शेजारच्या ओर्तेन्सियाबाईंनी
भिंतीवर टाळ्या वाजवल्या.

बिऱ्हाड हलवायचा नियम एकच:
प्रत्येक ट्रॅक शून्यापासून काढायचा.
बास दुसऱ्या मिनिटाला येत असला
तरी आधीची दोन मिनिटं शांतता
त्याच्या गाठोड्यात बांधून द्यायची,
नाहीतर तिकडे गेल्यावर
कुणी कुणाला वेळेवर भेटत नाही.

रविवारी बसले बांधाबांध करत.
फाइलचं नाव 'चढण २'.
ट्रॅक नऊ: 'गॅस'.

एलादिओ गॅसवाला.
ट्रकच्या मागे उभा राहून
सिलिंडरवर पान्हा आपटत गल्लीत शिरायचा.
तीन टण, एक थांबा, दोन टण.
तो थांबा कधीच मात्रेत बसला नाही,
कारण नेमका तिथेच चढ,
आणि त्याचा भाऊ गिअर बदलायचा.
मी तेव्हा चौकोनांची जाळीच बंद केली होती,
ड्रम, बास, अकॉर्डियन,
सगळ्यांना त्या ट्रकच्या मागून चालवलं होतं.
विसरूनच गेले होते.
आता गॅस फोनवरून मागवतात,
ट्रक मुका येतो.

ट्रॅक नव्यात टाकला.
त्याने ऐकला आणि अदबीने विचारलं,
ताल दुरुस्त करू?

नको, म्हटलं.
बरं, म्हणालं. कुरकूर नाही, काही नाही.
भांडायला कंबर कसून उभी होते,
तशीच खाली बसले.

मग जुन्यात परत आले, एकदाच बघायला,
आणि त्या क्लिपची डावी कड धरून ओढली.
ओढत गेले.
कापलेलं सगळं आत होतं.
खिडकीची कडी. कुत्रा.
माईकची वायर पायात अडकून
कुणीतरी शिवी देतं, मग स्वतःच हसतं.
सव्वीस वर्षांची मी.

हे एक्स्पोर्ट होत नाही.
तिकडे जातं फक्त ऐकू येणारं,
आणि नियमाप्रमाणे आधीची शांतता,
तीही धुऊनपुसून.

निबाल्दोला लिहिलं: येते.
पैसे भरते, तीन हप्त्यांत.
पण जुना लॅपटॉप टेबलावरच राहील,
इंटरनेट काढून, चार्जर लावून.
ट्रॅक नऊला किती लांब डावीकडे ओढू
ते अजून ठरत नाहीये.

त्याचं उत्तर आलं: फाइल केवढी होईल?

कड माझ्या बोटाखाली आहे.
अजून थोडी सरकते.