काव

रात्री अकराला मिरजेच्या लॅबमध्ये फिल्म धुतली.
रिसेप्टरची पट्टी पाचव्या मिनिटाला काळीभोर,
तिसाव्याला पुसट,
साठाव्याला काहीच नाही.

पेशीला निरोप आला होता: वाढ.
तिनं ऐकला. मग कुणीतरी
दारावरची घंटाच काढून आत नेली.

वहीत लिहिलं: लायगेजचं काम.
डोळ्यांपुढे मात्र दादा,
पायगोंडा मगदूम, सांगलीच्या मार्केट यार्डात,
हळदीच्या कट्ट्यावर,
डाव्या हातात कालवलेल्या कावेचा डबा,
उजव्यात काथ्याचा कुंचला.

ते तोलत नव्हते, उचलत नव्हते,
भाव तर कधी बोललेच नाहीत.
थप्प्यांमधून आडवे सरकत
नुसती खूण टेकवायचे.
एक ठिपका: आत घ्या.
ठिपक्याखाली ठिपके, सरळ ओळीत:
कीड आहे, फोडा, बारदान झटकून परत वापरा.
तेच ठिपके तिरके वळले
की सौद्याला माणसं गोळा व्हायची.

काव तीच. फक्त वळण वेगळं.
अक्षरओळख नसलेले हमाल
त्यात एकदाही चुकले नाहीत.
मला पीएचडीची चार वर्षं लागली.

एकदा तीन दिवस सौदाच निघेना.
गोदामाच्या दाराला टेकून
एकच पोतं पडलेलं, कुणाचं ते ठाऊक नाही.
दादांनी त्यावर सरळ ओळ ओढली.
पोतं फुटलं, दार उघडलं,
आणि दुपारपर्यंत अख्खा कट्टा बोलत होता.
तोवर मला वाटायचं,
खूण म्हणजे शेवट.

दुसरी फिल्म. हिच्यातल्या लायगेजचं
एकच अक्षर बिघडलेलं.
साठाव्या मिनिटालाही पट्टी काळीच.
कुंचला आहे, काव आहे, हात पोचत नाही.
घंटा वाजते आहे आणि पेशी
आज्ञाधारक पोरीसारखी ऐकते आहे:
वाढ. वाढ. वाढ.

लायगेज कधी कधी
स्वतःच्याच अंगावर खुणा ओढून घेतो.
हे वाचलं त्या दिवशी पुस्तक मिटून बसले होते.
शेवटच्या हंगामात दादांचा हात थरथरायचा,
ठिपके पोत्यावरून घसरून
त्यांच्याच सदऱ्यावर उतरायचे.
मुकादमानं डबा मागितला, त्यांनी दिला.
संध्याकाळी आईनं सदरा भिजत घातला,
बादली तांबडी झाली.
ठिपके एक होता की ओळ,
मी मोजलं नाही.

उद्या नव्वद मिनिटांपर्यंत नमुने घ्यायचे.
बर्फ सकाळीच आणायला हवा,
दहानंतर मिळत नाही.