नटीचं काम

माझं काम सतरा वाक्यांचं.
नांदी संपते, सूत्रधार पडद्याकडे वळून हाक मारतो,
मी येते, ऋतूचं एक गाणं म्हणते,
आज कुठलं नाटक ते त्याला सांगते, आणि जाते.
पुन्हा येत नाही. संस्कृत नाटकात
प्रस्तावना झाली की नटीला कुणी विचारत नाही.

वळवईच्या देवळापुढचा मांडव, माघातली जत्रा.
मागे कुळागर. जनरेटर बंद पडला
की पाटाचं पाणी ऐकू येतं.
एकोणीस वर्षं मी गाण्यापुरती असते,
मग विंगेतच शेला सोडून, स्कूटरला किक मारून
माशेलला, रात्रपाळीला.
पहिल्या अंकात पुढे काय होतं विचाराल
तर मला ठाऊक नाही. राजा येतो एवढं ऐकलंय.
शाबा गावडे करतो राजा. एरवी तो बार्जवर असतो,
म्हणे त्याचा रथ अजून सुकाणूनेच वळतो.

शिंक्रे मास्तरांनी पहिल्या तालमीला सांगितलं होतं,
सूत्रधार संस्कृतात बोलेल, तू प्राकृतात.
मी म्हटलं, का? बाई म्हणून?
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"होय. पण बघ, राजाला त्याची भाषा शिकावी लागते.
तुझी तू आईकडून घेऊन आलीस.
घरी बोलतेस तशी बोल, जोडाक्षरं विरघळू दे."
तेव्हापासून माझी नटी
जरा कोकणी हेल काढते. कुणी पकडलं नाही अजून.

यंदा नांदी सुरेख झाली. मास्तरांनी फुलं उधळली,
एक झेंडू डग्ग्यावर जाऊन बसला.
हाक आली. गेले. गायले.
मग त्यांचं ठरलेलं वाक्य:
तुझा सूर कानात राहिला, आर्ये,
आणि नाटकाचं नाव कुठे पडलं कळत नाही.
हे लिहिलेलंच आहे. सूत्रधाराने इथे विसरायचं असतं.
अर्थ न कळताही लोक दरवर्षी हसतात, तसे हसले.
मी नाव सांगितलं.
ते "हं" म्हणाले.
आणि पुन्हा, "आर्ये, आज कुठलं नाटक?"

लोक आणखी हसले. कुणी टाळी दिली.
मला ती नजर माहीत होती.
सात नंबरच्या कॉटवरचे आजोबा
पहाटे विचारतात, फेरीबोट सुटली काय गो,
तेव्हा अशीच असते.
मास्तरांच्या हातातली परडी हळूहळू कलत होती.

अठरावं वाक्य मला कुणी दिलं नव्हतं.
प्राकृतात ते कुठून आणू?
जीभेवर होतं ते बोलले,
"येयात मास्तर. हांव सांगतां."
पुढच्या रांगेतल्या भटजींनी मान डोलावली.
मागे शेंगदाणे सोलणाऱ्या बायकांचे हात तेवढे थांबले.
मी त्यांचा हात धरला.
पोथीत आहे तसंच झालं: दोघे जातात.

विंगेत खुर्ची, पाणी. रंगाखाली ओठ सुकलेले.
नाडी बघितली. माशेलला फोन केला, उशीर होईल.
तिकडे राजा आला.
रथ नाही, घोडे नाहीत,
शाबाने नुसतं सुकाणू वळवलं
आणि मांडवातल्या पोरांनी पाय आखडून घेतले.
मास्तरांचे ओठ हलायला लागले. राजाचं अख्खं भाषण,
काना-मात्रा जागच्या जागी.
शाबा अडला तिथे यांनी हळूच शब्द पुरवला.

"पुढे काय होतं?" मी विचारलं.
"थांब. तू कधी बघितलंच नाहीस ना."

मग जनरेटर गेला.
अंधारात राजा बोलतच राहिला,
त्याला बार्जवर सवय आहे त्याची.
मास्तर माझ्याकडे वळले, अगदी मायेने,
"तूं कोणाचें गो, बाय?"

मी म्हटलं, नटी.