नळ कितव्या दिवशी

लातूरला बदली झाली, घर बघत फिरलो.
मी विचारायचे, नळ कितव्या दिवशी?
ते विचारायचे, आडनाव?
सूर्यवंशी.
कुठले सूर्यवंशी?
उदगीरकडचे.
तसं नाही हो. कुठले?

औसा रोडच्या काकू चहा टाकायला उठल्या होत्या.
परत आल्या, म्हणाल्या, दूध नासलंय.
आणि पुतण्या येणार आहे राहायला, अचानक.
गॅलरी छान होती. संबोधीने तिथे
आपली सायकल उभी करून पाहिली होती
मनातल्या मनात.

शेवटी आपल्याच वस्तीत घेतलं.
नवव्या दिवशी, पहाटे तीनला,
शेजारच्या धुरपताबाईने स्वतःची नळी
आमच्या ड्रममध्ये सोडली.
अजून नावही माहीत नव्हतं तिला.

शाळा मात्र इथून
दोन रिक्षा लांब.