सूट

बसा बाई, त्या चामडी घोड्यावरच बसा.
खुर्ची एक होती, ती आरोग्य समितीच्या बैठकीला गेली
आणि परत आली नाही.
रेऊत नदीच्या या काठावर गोष्टी अशाच जातात.

तुमची प्रश्नावली रात्री वाचली. अठ्ठेचाळीस प्रश्न.
निर्णय कोण घेतं, निधी कोणाच्या सहीने येतो,
जबाबदारी कुठल्या पातळीवर थांबते.
थांबते? ती चालत येते किशिनाउहून,
जिल्ह्याच्या कचेरीतून, महापौरांच्या टेबलावरून,
आणि या व्यायामशाळेच्या फळ्यांवर
धापा टाकत बसते.

हे माझं स्टॉपवॉच. काटा सतरावर अडखळतो,
म्हणून टिचकी मारायची.
तीस उठाबशा, पंचेचाळीस सेकंद,
मग मूल खाली बसवायचं, मनगट धरायचं,
पंधरा सेकंद मोजायचं, चाराने गुणायचं.
हे काम नर्सचं. फ्रोसिनाचं.
तिचं पद सुसूत्रीकरणात गेलं
आणि ती बोलोन्याला. तिथे कुणाच्या तरी आजोबांची
नाडी बघते रोज सकाळी.
निघताना म्हणाली, अंगठ्याने मोजू नका हं, इलारियॉन,
अंगठ्याला स्वतःची नाडी असते.
तेव्हापासून मी दोन बोटांनी मोजतो.
आणि घाबरतो.

प्रश्न एकोणीस: तासाला सूट घेणारे विद्यार्थी?
लिहा. सातवीत एकवीसपैकी नऊ.
हृदय अशक्त. श्वसनाचा त्रास. सर्वसाधारण दुर्बलता.
शिक्के खरे आहेत. डॉक्टर गुरुवारी येतो,
दोनच्या बसने जातो,
तेवढ्या वेळात कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नाही.

ऑरिका त्या नवांतली.
बाकावर बसते, कोट न काढता.
दोन वर्षं तिचं हृदय अशक्त आहे.
गेल्या ऑक्टोबरात मी तिला पाहिलं
अक्रोडाच्या झाडावर, पार वर,
काठीने फांद्या झोडपत होती,
अनवाणी.
खाली उभ्या उभ्या माझंच हृदय अशक्त झालं.
उतरली. हात सालीने काळे.
ती काही बोलली नाही, मीही नाही.
मग नोंदवही उघडली:
आई पादोव्यात, तिसरं वर्ष. बूट नेमाने पाठवते,
पण जाताना पाहिलेल्या पायांच्या मापाचे.

तर बाई, कागदावर सूट,
खरं म्हणजे बूट.
तुमच्या तक्त्यात याला रकाना आहे?

मी अर्ज केला होता. आरोग्य खातं म्हणालं,
खेळाचे बूट, म्हणजे शिक्षण.
शिक्षण खातं म्हणालं, सूट वैद्यकीय, म्हणजे आरोग्य.
इतकं सफाईदार पासिंग
मी माझ्या संघाला बारा वर्षांत शिकवू शकलो नाही.

नवांपैकी चौघांचं असं निघालं. एकाला खराच दमा आहे.
एक नुसता लाजतो, अंघोळीच्या खोलीला.
उरलेल्या तिघांचं मला माहीत नाही.
हे 'माहीत नाही' गाळू नका,
टक्केवारीत मिसळूनही टाकू नका.

मार्चमध्ये खोकं आलं बोलोन्याहून.
सहा जोड, वापरलेले, धुतलेले, लेस नव्या.
त्या आजोबांच्या नातवंडांचे.
आता सांगा, ही मदत कुठल्या योजनेखाली दाखवू?
छत्तीस नंबरचा ऑरिकाला सैल होतो,
पुढे जिल्हा परिपत्रक कोंबलंय.
आज तिसऱ्या तासाला ती धावेल. कदाचित.
कोट काढला तर.

तुम्ही अशा पांढऱ्या का पडलात?
बस चुकली म्हणालात, म्हणजे टेकडी पायीच चढलात,
ही एवढी कागदं घेऊन.
हात द्या इकडे. नाही, डावा.
पेन खाली ठेवा.
बोलू नका आता,
मोजतोय.